घरची बॅटरी भरत का नाही: मोटारहोमच्या चार्जिंग दुरुस्तीच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४, रविवार, कोल्हापूर

दसऱ्याला जोडून केलेल्या गणपतीपुळ्याच्या प्रवासात जे घडले, त्यामुळे ही वही आज सुरू करत आहे. आंबा घाटमार्गे जवळजवळ साडेचार तास गाडी चालली होती आणि दिवसभर ऊनही स्वच्छ होते. तरीही पहाटे पावणेचार वाजता गाडीतला फ्रिज आपोआप बंद पडला आणि कमी व्होल्टेजचा लाल दिवा लुकलुकू लागला. त्या फ्रिजमध्ये आईचे इन्सुलिन असते. न उघडलेल्या कुप्या दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात, आणि कोकणातली ऑक्टोबरची उष्णता त्यांना सोसणारी नाही. जिथे मुक्काम होता तिथल्या काकूंनी त्या कुप्या आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवून घेतल्या, म्हणून त्या दिवशी निभावले. आईला घेऊन पुन्हा निघायचे असेल, तर हे काम मुळापासून तपासल्याशिवाय निघायचे नाही, असे मी आणि पत्नीने ठरवले आहे.

परतल्यावर बॅटरीच्या दुकानात गाडी नेली. दुकानदारांनी इंजिन बंद असताना व्होल्टेज पाहिले, १२.१ आले, आणि ते म्हणाले, "अहो, सेल बसलाय याचा. पाणी घालून काय उपयोग, नवीनच टाका." बॅटरी घेऊन चौदाच महिने झाले आहेत. त्यांचे म्हणणे खोटे असेलच असे नाही, परंतु बॅटरी खराब झाली आहे की तिला कधी पोटभर मिळालेच नाही, हे एका आकड्यावरून ठरत नाही. म्हणून प्रत्येक जागा मोजून होईपर्यंत एकही नवा भाग विकत घ्यायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम.

गाडीची मांडणी येथे लिहून ठेवतो. डिझेलवर चालणारी बीएस ६ (म्हणजे नव्या प्रदूषण मानकांची) प्रवासी व्हॅन आहे, तिच्या आतला राहता भाग एका कार्यशाळेतून करून घेतला आहे. इंजिनाची बॅटरी बॉनेटखाली. घरची बॅटरी, म्हणजे राहत्या भागाची, मागच्या बाकाखाली असून ती १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची (अँपिअर-तास म्हणजे किती प्रवाह किती तास मिळेल याचे माप) ट्यूब्युलर, म्हणजे घरगुती इन्व्हर्टरला लावतात तशी, आहे. घरची बॅटरी तीन वाटांनी भरते. चालत्या गाडीत अल्टरनेटरकडून (ज्याला आपले गॅरेजवाले अजूनही डायनामोच म्हणतात) एका व्होल्टेज पाहून जुळणाऱ्या रिलेमार्फत, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचमार्फत. छतावरच्या १६५ वॅटच्या दोन सौर पॅनेलांकडून एमपीपीटी कंट्रोलरमार्फत, म्हणजे पॅनेलांकडून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला बेताने देणाऱ्या पेटीमार्फत. आणि मुक्कामी वीज मिळाल्यास ८५० व्हीएच्या घरगुती इन्व्हर्टरमधल्या चार्जरकडून. तीन वाटा असूनही बॅटरी उपाशी राहते, याचा अर्थ दोष एकाच जागी असण्याची शक्यता कमी आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पुतण्या विद्युत शाखेच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो आजपासून मदतीला आहे. सकाळी सात वाजता, रात्रभर सगळा भार बंद ठेवून, घरच्या बॅटरीचे व्होल्टेज पाहिले: १२.०८.

या आकड्याचा अर्थ लावताना एक काळजी घ्यावी लागते. गाडीच्या बॅटरीसाठी जे तक्ते सर्वत्र फिरतात, त्यांत पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते असे लिहिलेले असते. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांत मात्र ॲसिड मुद्दाम सौम्य ठेवतात. पूर्ण भरल्यावर तिची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत ॲसिडची घनता) २७ अंशाला १.२४० च्या आसपास असते. शिशाच्या बॅटरीत एका सेलचे (बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी एकाचे) व्होल्टेज म्हणजे ग्रॅव्हिटीचा आकडा अधिक सुमारे ०.८४, हा ढोबळ हिशोब लावला तर एका सेलचे २.०८ आणि सहा सेलांचे सुमारे १२.५ व्होल्ट होतात. म्हणजे आमच्या बॅटरीसाठी १२.५ हेच पूर्ण पोट आहे, आणि १२.०८ म्हणजे ती साधारण निम्मी उतरलेली आहे. दुकानात १२.१ पाहून बॅटरी बाद ठरवली गेली, तेव्हा ती खरे तर फक्त अर्धी रिकामी असावी.

त्यानंतर इंजिन सुरू करून त्याचे फेरे मिनिटाला १५०० वर धरले. इंजिनाच्या बॅटरीच्या टोकांवर १४.२ व्होल्ट आले. अल्टरनेटर निदान उभ्या गाडीत तरी ठीक आहे. त्याच क्षणी घरच्या बॅटरीच्या टोकांवर फक्त १२.९५, आणि टाँग टेस्टरवर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून प्रवाह मोजणारा मीटर) ११ अँपिअर. वाटेत सव्वा व्होल्ट गायब होत आहे. अर्धी उतरलेली बॅटरी १२.९५ व्होल्टवर कितीही तास ठेवली तरी ती नीट भरणार नाही, कारण तिला वर ढकलायला लागणारा दाबच तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

टाँग टेस्टरबद्दल एक सूचना, जी आम्हाला आज अर्धा तास घालवून कळली. शेजारच्या वायरमनकडून आणलेला पहिला टेस्टर शून्यच दाखवत राहिला, कारण तो केवळ एसीचा, म्हणजे घरातल्या विजेचा होता. डीसी, म्हणजे बॅटरीचा प्रवाह मोजणारा टेस्टर वेगळा येतो आणि तो प्रत्येक मोजणीपूर्वी शून्यावर आणावा लागतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

सव्वा व्होल्ट नेमका कुठे जातो, हे शोधण्यात आजचा पूर्ण दिवस गेला. पण माझ्या मते या संपूर्ण कामातला हाच सर्वांत मोलाचा दिवस आहे.

पद्धत साधी आहे. तारेतून प्रवाह वाहत असताना तिच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजायचे. तार आणि जोड चांगले असतील तर ते नगण्य येते. जिथे अडथळा असेल तिथे तेवढे व्होल्टेज मीटरवर उघडे पडते. प्रवाह बंद असताना हीच तपासणी केली तर सर्व काही ठीक दिसते, आणि बहुतेक गॅरेजांमध्ये तपासणी अशीच बंद अवस्थेत, टेस्ट लॅम्प लावून होते. सडलेल्या जोडातूनही टेस्ट लॅम्प पेटतो, कारण त्याला प्रवाह फार थोडा लागतो. मल्टीमीटरच्या पिना बॉनेटपासून मागच्या बाकापर्यंत पोहोचत नव्हत्या, म्हणून जुन्या बेलच्या वायरचा दहा मीटरचा तुकडा एका पिनेला जोडून लांबी वाढवली. दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांमध्ये ०.७० व्होल्ट आले आणि ऋण बाजूला, म्हणजे घरच्या बॅटरीचे ऋण टोक ते इंजिनाच्या बॅटरीचे ऋण टोक, ०.५५ व्होल्ट. बेरीज १.२५, कालच्या फरकाशी तंतोतंत जुळते.

धन बाजूचे ०.७० टप्प्याटप्प्याने फोडले. रिलेच्या दोन टोकांत ०.१५. फ्यूजच्या धारकात ०.३०. उरलेले ०.२५ तारेत, आणि हे गणितानेही बरोबर येते: कार्यशाळेने ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली आहे, तिची एका बाजूची लांबी ८ मीटर आहे, तांब्याच्या विद्युत रोधाप्रमाणे ती सुमारे ०.०२३ ओहम होते, आणि ११ अँपिअरला पाव व्होल्ट खाते. घरातल्या गिझरला २३० व्होल्टवर हीच तार सहज चालली असती, कारण तिथे पाव व्होल्ट गेला काय आणि राहिला काय, फरक पडत नाही. बारा व्होल्टच्या कामात मात्र पाव व्होल्टही खूप असतो. तार किती अँपिअरला तापत नाही एवढेच पाहून जाडी निवडली, तिच्या लांबीत किती व्होल्टेज गळेल हे पाहिले नाही, ही येथली मूळ चूक आहे.

फ्यूजचा धारक उघडला तेव्हा एका बाजूचे प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित वितळलेले दिसले. आतल्या पितळी पात्याची स्प्रिंग उष्णतेने मऊ पडली होती आणि फ्यूज बोटाने हलवला तरी डुगडुगत होता. फ्यूज स्वतः शाबूत असल्यामुळे आजवर कोणीही तिकडे संशयाने पाहिले नव्हते.

ऋण बाजूचा दोष पायरीखाली सापडला. घरच्या बॅटरीचा अर्थ (अर्थिंग), म्हणजे ऋण टोकाची जोडणी, गाडीच्या सांगाड्याला एका ८ मिलिमीटरच्या बोल्टने दिलेली आहे. बोल्ट वरून घट्ट होता, पाना लावून पाहिले तर हललाही नाही. खोलल्यावर कारण कळले. थिंबलखाली (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीखाली) सांगाड्याचा काळा रंग जसाच्या तसा होता. म्हणजे इतके दिवस सगळा प्रवाह थिंबलमधून थेट पत्र्यात न जाता बोल्टच्या आट्यांमधून जात होता, आणि त्या आट्यांवर दोन पावसाळ्यांची तांबूस गंजाची पूड होती. थिंबलच्या मानेत, जिथे तार आत शिरते, तिथे हिरवट पांढरा थर साचला होता. तार किंचित वाकवली तर तो कोरड्या चुन्यासारखा झडला, आणि आतले तांबे चकाकण्याऐवजी जवळजवळ काळे निघाले. पुतण्याने ते पाहून विचारले, "काका, मग हे इतके दिवस चाललं तरी कसं?" ते चालत नव्हते, केवळ दिवे लागत होते, असेच त्याला सांगावे लागले.

तारेचा काळा भाग दोन इंच कापून टाकला, नवे कथिलाचा मुलामा असलेले थिंबल घालून हातदाबाच्या यंत्राने पक्के दाबले. सांगाड्यावरचा रंग रुपयाएवढ्या वर्तुळात पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून नवा बोल्ट आवळला, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिला. जेली आवळल्यानंतर लावली, आधी नाही. फ्यूजसाठी बोल्टने आवळायचा धारक बसवला.

संध्याकाळी पुन्हा मोजले. अर्थ ०.०५, फ्यूज ०.०३, एकूण गळती ०.७०; घरच्या बॅटरीवर १३.५ व्होल्ट आणि प्रवाह ११ वरून १७ अँपिअरवर. रिले आणि बारीक तार अजून तशीच आहे. खर्च तीनशे रुपयांच्या आत झाला.

एक बाब येथे आवर्जून लिहितो. आमच्या गाडीत इंजिनाच्या बॅटरीच्या ऋण टोकावर एक छोटा सेन्सर आहे, जो बॅटरीत किती प्रवाह येतो-जातो ते मोजून इंजिनाच्या संगणकाला कळवतो. घरच्या बॅटरीचा अर्थ थेट त्या टोकावर कधीही जोडू नये. जोडल्यास तो प्रवाह सेन्सरला चुकवून जाईल आणि संगणकाचा हिशोब बिघडेल. जोड नेहमी सांगाड्याला द्यावा.

३ नोव्हेंबर, रविवार, रत्नागिरी

भाऊबीजेसाठी बहिणीकडे यायचेच होते, तेव्हा चालत्या गाडीतले मोजमाप या प्रवासात उरकले. दोन्ही बॅटऱ्यांपासून एक अँपिअरचा फ्यूज घालून बारीक तारा पुढे आणल्या, पुतण्या डाव्या आसनावर दोन मीटर घेऊन बसला आणि दर पाच मिनिटांनी त्याने आकडे लिहिले. आमची अपेक्षा होती की आठवड्यापूर्वीची दुरुस्ती पाहता बॅटरी आज निम्म्याहून बरीच वर जाईल.

तसे झाले नाही. कोल्हापुरातून निघताना १४.२ होते. बांबवड्याच्या अलीकडे इंजिनाच्या बॅटरीवरचे व्होल्टेज हळूहळू उतरत १२.७ वर आले, मागच्या बाकाखालून रिलेचा टक् असा आवाज आला आणि घरची बॅटरी सुटली. मलकापूरपर्यंत ती सुटलेलीच होती. आंबा गाव मागे टाकून घाट उतरायला लागलो, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी गिअरवर धरली, आणि त्याच क्षणी मीटर १४.७ वर चढला. रिले पुन्हा जुळला. साखरप्याच्या पुढे रस्ता सपाट झाला तसे पुन्हा १२.६, पुन्हा टक्. पाली ते हातखंबा दरम्यान पुतण्याने नोंद केली की उतार आला की रिले जुळतो आणि चढ आला की सुटतो. साडेतीन तासांत घरची बॅटरी एकूण पन्नास मिनिटेच जोडलेली होती आणि तिच्यात अवघे तेरा अँपिअर-तास गेले.

हा बिघाड नाही. गाडी तशीच घडवलेली आहे. बीएस ६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली, आणि इंधन वाचवण्यासाठी व धूर कमी करण्यासाठी आता अनेक गाड्यांचा अल्टरनेटर इंजिनाच्या संगणकाच्या हुकमतीखाली चालतो. इंजिनाची बॅटरी पुरेशी भरलेली आहे असे सेन्सरने कळवले की संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज खाली आणतो, म्हणजे इंजिनावरचे ओझे हलके होते. आणि गाडी उतारावर किंवा वेग कमी करताना फुकटची गती उपलब्ध असते, तेव्हा तेच व्होल्टेज तो वर नेतो. आमचा रिले १३.३ ला जुळतो आणि १२.८ ला सुटतो. जुन्या गाड्यांत अल्टरनेटर सतत १४ च्या वर असे, तिथे असा रिले चोख काम करी. या गाडीत तो बसवणे म्हणजे घरच्या बॅटरीला फक्त घाट उतरताना जेवू घालणे आहे.

उभ्या गाडीत, गॅरेजच्या दारात, हा दोष कधीही दिसला नसता. परतीच्या प्रवासात घाट चढताना आकडे पुन्हा घेऊन खात्री करायची आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार

परतताना घाटाच्या चढावर सलग १२.५. हेडलाइट लावून पाहिले, तेव्हा व्होल्टेज १३.४ पर्यंत आले आणि रिले जुळून राहिला. काही चालक दिवसा दिवे लावून ही अडचण भागवतात असे ऐकले होते, त्यात तथ्य आहे, पण १३.४ ने ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरत नाही, त्यामुळे हा मार्ग सोडून दिला. रिले काढून त्या जागी डीसी ते डीसी चार्जर बसवायचा, जो कमी व्होल्टेज घेऊन स्वतः ते १४.४ पर्यंत उचलून देतो. तीस अँपिअरचा मागवला आहे. नियम मोडला असे मी मानत नाही, कारण ही खरेदी मोजून झाल्यावर केलेली आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

चार्जर यायला आठवडा लागेल. तोवर उरलेल्या दोन वाटा आणि बॅटरीचा खर्च पाहिला.

आधी खर्च. फ्रिज चोवीस तासांत साधारण ३६ अँपिअर-तास घेतो, दोन पंखे रात्रभरात २२, दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल मिळून ११. एकूण ६९. दीडशेच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये, म्हणजे ७५ मिळतात. हिशोब काठावर का होईना, बसतो. तरीही बॅटरी पहाटेच संपत होती, म्हणून सगळी बटणे बंद करून, फ्रिजचा फ्यूज काढून टाँग टेस्टर लावला. शून्य यायला हवे होते, १.४ अँपिअर आले. एकेक तार सुटी करत गेल्यावर इन्व्हर्टर सापडला. त्याला काहीही जोडलेले नसताना, केवळ तयार अवस्थेत राहण्यासाठी तो १.४ अँपिअर पीत होता. चोवीस तासांत हे जवळजवळ ३४ अँपिअर-तास होतात, म्हणजे फ्रिजच्या बरोबरीने! घरात इन्व्हर्टर सतत विजेवर असतो, म्हणून हा खर्च कोणाला जाणवत नाही. पत्नीशी बोलून पाहिले की गाडीत २३० व्होल्ट कशाला लागतात. मिक्सर आणि कधीमधी लॅपटॉप, एवढेच. इन्व्हर्टरच्या धन तारेत बॅटरी आयसोलेटरची, म्हणजे तार जोडण्या-तोडण्याची मोठी फिरकी बसवली, आता तो लागेल तेव्हाच जोडला जाईल.

सौर बाजूला तीन गोष्टी निघाल्या. दोन्ही पॅनेल एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये आहेत, आणि मागच्या पॅनेलच्या कडेवर सामानाच्या कठड्याची सावली सकाळी साडेदहापर्यंत पडते. हाताच्या रुंदीची सावली आहे, पण तिच्यामुळे साडेनऊला बॅटरीत २.१ अँपिअरच जात होते. कठडा सोडवून बाजूला धरला तेव्हा ८ च्या वर गेले. कठडा आता पुढच्या बाजूला हलवला आहे. दुसरी गोष्ट, कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार बंद जेल बॅटरी असा निवडलेला होता आणि तो १४.१ लाच हात आखडता घेत होता. प्रकार बदलून १४.४ केले.

तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे आणि ती कळल्याचे मला खरोखर समाधान वाटते. कंट्रोलर तापमानाप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतो. बारा व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीसाठी दर अंशामागे सुमारे २४ मिलिव्होल्ट. बॅटरी तापली तर कमी व्होल्टेज हवे, थंड असेल तर जास्त. पण आमच्या कंट्रोलरचा तापमापक त्याच्या स्वतःच्या पेटीत आहे आणि ती पेटी इन्व्हर्टरच्या शेजारी बंद कपाटात बसवलेली आहे. दुपारी कपाटात ४१ अंश होते, बॅटरीवर २९. बारा अंशांच्या या फरकामुळे बॅटरीला विनाकारण ०.२९ व्होल्ट कमी मिळत होते. बॅटरीच्या अंगाला चिकटवायचा सेन्सर जुन्या खोक्यात, पाकीटही न उघडलेला, मिळाला. तो बसवला.

१२ ते १५ नोव्हेंबर

बॅटरी काढून अंगणात घेतली. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, जवळ बादलीभर पाणी आणि खाण्याचा सोडा. दोन सेलांत पाणी खालच्या खुणेच्या थोडे खाली होते. डिस्टिल्ड वॉटर प्लेटा बुडतील एवढेच घातले आणि वरच्या खुणेपर्यंतची भर चार्जिंग संपल्यावर टाकली, कारण भरताना पातळी वर येते. मेनवरच्या चार्जरने पूर्ण भरल्यावर हायड्रोमीटरने (ग्रॅव्हिटी मोजण्याच्या नळीने) सहा सेलांची ग्रॅव्हिटी अशी आली: १.२२५, १.२२०, १.२२५, १.१९५, १.२२०, १.२२५. चौथा सेल मागे आहे, पण बसलेला नाही; मेलेल्या सेलची ग्रॅव्हिटी इतरांपेक्षा खूपच खाली अडून राहते.

महिनोन्महिने अर्धवट भरल्यामुळे प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे थर घट्ट होत गेले असणार. ते सोडवण्यासाठी दोन दिवस दुपारच्या उन्हात, कंट्रोलरवरून १५.२ व्होल्टचे समतोल चार्जिंग केले. त्या वेळी गाडीतला एकही दिवा किंवा फ्रिज जोडलेला नव्हता, कारण इतके व्होल्टेज त्यांना सोसेलच असे नाही. बॅटरीतून बुडबुडे येत होते. हा हायड्रोजन आहे, म्हणून आसपास ठिणगी येऊ दिली नाही आणि आईला देवघरातली उदबत्तीही अंगणाकडच्या खिडकीपासून दूर ठेवायला सांगितले.

पंधरा तारखेला ग्रॅव्हिटी: १.२४०, १.२३५, १.२४०, १.२२०, १.२३५, १.२४०. त्यानंतर इंडिकेटरचे २१ वॅटचे चार बल्ब समांतर जोडून, सुमारे सात अँपिअरचा भार दहा तास चालवला. सत्तर अँपिअर-तास निघाल्यावर आणि तासाभराची विश्रांती दिल्यावर व्होल्टेज १२.१ राहिले. थोडी क्षमता गेलेली आहे, पण बॅटरी कामाची आहे. चौदा महिने जिला कोणी पोटभर दिले नाही, तिलाच भंगारात काढायला आम्ही निघालो होतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

डीसी ते डीसी चार्जर बसवला. त्याची तार निवडताना गणित असे केले: बाहेर १४.४ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ४३२ वॅट. चार्जरची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर आत ४८० वॅट लागतात. आणि अल्टरनेटर १२.५ व्होल्टवर उतरलेला असताना तेवढ्यासाठी ३८ अँपिअर ओढावे लागतील. बाहेर ३० आहेत म्हणून आतही ३० धरण्याची चूक सहज होते. २५ चौरस मिलिमीटरची केबल घेतली, आठ मीटरला तिच्यात ३८ अँपिअरवर सुमारे ०.२ व्होल्ट जातात, ते चालण्यासारखे आहे. दोन्ही बॅटऱ्यांपाशी, टोकापासून वीतभराच्या आत, ६० अँपिअरचे फ्यूज लावले. तार दोन्हीकडून बॅटरीला जोडलेली असते, त्यामुळे मध्ये कुठे घासून सांगाड्याला लागली तर दोन्ही बाजूंनी आग पेटवण्याइतका प्रवाह येऊ शकतो. एकाच टोकाला फ्यूज असणे पुरेसे नाही. पत्र्यातून जिथे तार जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घातले आणि वर लवचिक नळी चढवली.

चार्जरला इंजिन सुरू असल्याचे कळवणारी बारीक तार इग्निशनच्या फ्यूजमधून घेतली आहे. ती नसती, तर केवळ व्होल्टेज पाहून सुरू-बंद होण्याचा जुनाच दोष नव्या यंत्रातही राहिला असता.

१ डिसेंबर, रविवार, गणपतीपुळे

काल सकाळी बॅटरी मुद्दाम १२.१ पर्यंत उतरवून निघालो. मलकापूरपर्यंत अल्टरनेटर १२.६ वर असतानाही घरच्या बॅटरीत २८ अँपिअर जात होते आणि तिचे व्होल्टेज चढत चढत १४.४ ला पोहोचले. साखरप्यानंतर बॅटरी भरत आल्यामुळे प्रवाह आपोआप उतरू लागला. मुक्कामी पोहोचताना ९ अँपिअर उरला होता. चार्जरच्या पेटीला हात लावून पाहिला, कोमट होती. सगळे जोडही एकेक चाचपले, कोणताही तापलेला नव्हता.

संध्याकाळी तिसरी वाट तपासली. मुक्कामाच्या घरून वीज घेतली, सॉकेटमध्ये दिवा लागत होता, तरीही इन्व्हर्टर मेन ओळखायला तयार नव्हता. मीटर लावला तर १७२ व्होल्ट. गावात संध्याकाळी सगळीकडचे पंप आणि दिवे एकदम लागतात, तेव्हा हे होणारच. इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटे बटण असते. संगणकासाठीच्या अरुंद पट्ट्यात ते असेल तर सुमारे १८० च्या खाली यंत्र मेन सोडून देते, रुंद पट्ट्यावर केले तर त्याहून बऱ्याच कमी व्होल्टेजवरही चार्जिंग चालू राहते. बटण सरकवले आणि दहा सेकंदांत चार्जिंगचा दिवा लागला. पूर्वी अनेक मुक्कामांत रात्रभर वायर जोडून आम्ही निश्चिंत झोपलो होतो, तेव्हा यंत्राने वीज घेतलीच नसावी. परीक्षा खरी व्हावी म्हणून नंतर ती वायर काढून ठेवली आणि रात्र केवळ बॅटरीवर काढली.

आज पहाटे पावणेचारला मी मुद्दाम उठलो. फ्रिज चालू होता, बॅटरी भाराखाली १२.२ दाखवत होती. साडेसहाला १२.१५, फ्रिजमध्ये ५ अंश. आठ वाजता आईने आपल्याच फ्रिजमधून इन्सुलिन घेतले.

राहिलेले काम: बाकाखालच्या बॅटरीच्या पेटीतून वायू बाहेर नेणारी नळी अजून बसवलेली नाही, ती पुढच्या प्रवासाआधी बसवायची आहे, कारण आता बॅटरी खऱ्या अर्थाने भरत असल्यामुळे ती हायड्रोजनही पूर्वीपेक्षा जास्त सोडणार. पायरीखालचा अर्थ जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीपूर्वी खोलून पाहायचा. चौथ्या सेलची ग्रॅव्हिटी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या वहीत लिहायची, आजची १.२२५.